मनाचें औषध आणि गळ्यांतील ग्रंथि

दिंडोशीच्या टेकडीवरून संध्याकाळच्या वेळीं सभोंवार पाहिलें असतां एका बाजूस मालाड-गोरेगांवच्या उंच इमारतींची दाटी दिसते, दुसऱ्या बाजूस राष्ट्रीय उद्यानाचें रान दिसतें आणि दक्षिणेकडे आरे वसाहतीची झाडी पसरलेली असते. लढाया, तह आणि गादीचे वारसे यांच्या इतिहासांत ह्या स्थळाचें नांव शोधूं गेल्यास श्रम फुकट जातील. परंतु मनुष्याच्या दुखण्यांचा, आणि त्या दुखण्यांवर त्यानें योजिलेल्या उपायांचाहि एक इतिहास असतो; आणि त्या इतिहासांतील एक पान ह्या टेकडीपासून थोड्याच अंतरावर लिहिलें गेलें आहे. इतकीं वर्षें येथें राहून व इतिहास शिकवून आम्हांस त्याची दाद नव्हती. ती लागली ती शेजारच्या घरांतील एका आजारामुळें.

त्या घरांतील मुलगी शाळेंत शिक्षिका आहे. कांहीं वर्षांपूर्वीं तिला चित्तभ्रम झाला. रात्र रात्र झोंप नाहीं, कोणी जवळ नसतां आवाज ऐकूं यावे, आपल्या जेवणांत कोणी कांहीं कालवितो असा संशय यावा, असा प्रकार सुरू झाला. सुदैवानें आईबापांनीं अंगाऱ्या-धुपाऱ्यांत काळ न दवडतां तिला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलें. दोन औषधें सुरू झालीं. एक चित्तभ्रमावरील आणि दुसरें लिथियम. तीन महिन्यांत मुलगी सावरली व पुन्हां शाळेंत जाऊं लागली. पुढें वर्ष-दीड वर्षानें मात्र निराळेंच घडूं लागलें. तिची चाल मंदावली. बोलणें जड झालें. आहार वाढला नसतां अंग सुटूं लागलें. केंस गळूं लागले. आणि मुंबईच्या वैशाखांत, सर्वांच्या अंगाची काहिली होत असतां, ती शाल पांघरून बसूं लागली. आई म्हणे, दुखणें उलटलें. भाऊ म्हणे, हा आळस आहे. वडील एके दिवशीं गोळ्यांचीं पाकिटें हातांत घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सर, हीं औषधें आम्ही आतां बंदच करतों. भ्रम गेला हें खरें, पण पोरीचा दगड झाला."

आम्ही कांहीं वैद्य नव्हों. औषध आपल्या मतानें बंद करूं नका, डॉक्टरांस विचारा, एवढेंच सांगण्याचा आमचा अधिकार होता, व तेवढें आम्हीं सांगितलें. डॉक्टरांनीं रक्त तपासविलें, आणि दोष मनांत नसून गळ्यांतील थायरॉइड ग्रंथींत निघाला. इतक्या महिन्यांत ही तपासणी कोणीं केली नव्हती. मनावर दिलेलें औषध गळ्यापर्यंत कसें पोंचलें हा एक प्रश्न. आणि असें घडूं शकतें हें शास्त्रास ठाऊक असतां तें वेळेवर कोणाच्या लक्षांत कां आलें नाहीं हा दुसरा. पहिल्याचें उत्तर शास्त्रांत आहे. दुसऱ्याचें उत्तर बव्हंशीं इतिहासांत आहे, आणि म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें धाडस आम्ही करीत आहों.

गळ्यावर वाढणारी गांठ आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेंत गलगंडाचें निदान सांगितलें आहे. परंतु त्या ग्रंथीचें शरीरांतील कार्य काय, आणि तिचा मनाशीं संबंध काय, ह्याचा नीट उलगडा होण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. १८११ सालीं बर्नार कुर्त्वा ह्या फ्रेंच रसायनज्ञास समुद्रांतील शेवाळाच्या राखेंत आयोडीन सांपडलें, आणि १८२० सालीं जिनीव्हा येथील क्वांदे ह्या वैद्यानें तें गलगंडावर देऊन पाहिलें. पुढें १८७३ सालीं लंडनच्या विल्यम गल ह्यांनीं कांहीं प्रौढ स्त्रियांच्या एका विलक्षण आजाराचें वर्णन केलें. चेहरा सुजट, कातडी कोरडी, जीभ जड, बुद्धि मंद, असा तो आजार होता. १८७८ सालीं विल्यम ऑर्ड ह्यांनीं त्यास 'मिक्सीडीमा' हें नांव दिलें. त्याची चौकशी करण्यासाठीं लंडनच्या क्लिनिकल सोसायटीनें एक समिति नेमली व तिचा अहवाल १८८८ सालीं प्रसिद्ध झाला. शंभरावर रोग्यांची माहिती तींत संकलित केलेली होती. गळ्यांतील ग्रंथि निकामी झाल्यानें हा आजार होतो, हा तिचा निष्कर्ष होता. आणि त्याहूनहि आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट म्हणजे, जवळजवळ निम्म्या रोग्यांत भास आणि भ्रम आढळले होते. तीनच वर्षांनीं, म्हणजे १८९१ सालीं, जॉर्ज मरे ह्या तरुण डॉक्टरानें मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोंचून अशी एक बाई बरी केली. ती पुढें अनेक वर्षें जगली.

ह्याचा अर्थ उघड आहे. ज्यांस वेडे ठरवून कोंडण्यांत आलें, त्यांपैकीं कांहीं जणांचें मूळ दुखणें मनाचें नव्हतें. तें गळ्याचें होतें. परंतु हें ज्ञान विलायतेंतील सभांतून वेड्यांच्या इस्पितळांच्या दारापर्यंत येण्यास फार काळ लागला. आपल्या प्रांताची स्थिति पाहिली तर कुलाब्याचें जुनें इस्पितळ आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं नरोत्तमदास माधवदास ह्यांच्या नांवानें ठाण्यास उभें राहिलेलें इस्पितळ, अशीं हीं ठिकाणें मुख्यतः रोग्यांस संभाळण्यासाठीं होतीं. १९१२ चा कायदा रोग्यास ताब्यांत कसें घ्यावें व कसें सोडावें ह्याचा मुख्यतः विचार करतो. त्यास बरें कसें करावें ह्याविषयीं तो फारसें बोलत नाहीं. कायद्यास तरी दोष कां द्यावा? वैद्यांपाशींच उपाय नव्हता. १९३३ च्या सुमारास इन्सुलिननें बेशुद्धि आणण्याचा, १९३४ त औषधानें झटके आणण्याचा आणि १९३८ त विजेच्या झटक्यांचा उपाय निघाला. पोर्तुगालच्या इगाश मोनिझ ह्यांनीं तर मेंदूचे तंतूच तोडण्याची शस्त्रक्रिया काढली, आणि त्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तें साल १९४९.

१९४९ हें साल वाचकांनीं लक्षांत ठेवावें. ज्या वर्षीं मेंदू कापणाऱ्यास जगांतील सर्वांत मोठा मान मिळाला, त्याच वर्षीं तीन वैद्यांनीं तीन निरनिराळ्या देशांत तीन लेख प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियांत जॉन केड ह्यांनीं लिथियमच्या क्षारानें उन्माद शांत होतो असें दाखविलें. लंडनमध्यें रिचर्ड अॅशर ह्यांनीं थायरॉइड मंदावल्यामुळें वेड लागलेल्या १४ रोग्यांची हकीगत लिहिली, आणि त्यांपैकीं बहुतेक थायरॉइडचा अर्क दिल्यानें बरे झाल्याचें सांगितलें. आणि आमच्या मुंबईंत, डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनीं सर्पगंधेच्या मुळीनें रक्ताचा वाढलेला दाब उतरतो, हा आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें मांडला. एकानें मनाचें औषध दिलें, दुसऱ्यानें मनाच्या दुखण्याचें मूळ गळ्यांत दाखविलें, तिसऱ्यानें जुन्या मुळीस नवें शास्त्र दिलें. ह्या तीन वाटा पुढें एकमेकींस छेदणार आहेत, हें त्या तिघांपैकीं कोणासहि कळण्याचें कारण नव्हतें.

सर्पगंधेची हकीगत थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण तीच आपणांस गोरेगांवांत आणून सोडते. हिंदुस्थानांत ही मुळी वेडावर व सर्पदंशावर पिढ्यान्‌पिढ्या दिली जात असे. बिहार-बंगालकडे तिला वेड्याचें औषध ह्याच अर्थाचें नांव होतें. १९३१ सालीं कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं वेड व रक्तदाब ह्या दोहोंवर ती उपयोगी पडते असें लिहिलें. त्याच सुमारास दिल्लीस सलीमुझ्झमान सिद्दिकी हे तिच्यांतील द्रव्यें वेगळीं काढीत होते. वकिलांच्या लेखानंतर मात्र युरोपचें लक्ष तिकडे वळलें, आणि १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें बाझेल येथील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं मुळींतून रेसर्पीन हें द्रव्य काढलें. त्याच वर्षीं पॅरिसला झां दले आणि पिएर दनिकेर ह्यांनीं क्लोरप्रोमॅझीन हें नुकतेंच तयार झालेलें औषध चित्तभ्रमाच्या रोग्यांस दिलें. आणि १९५४ त अमेरिकेंत नेथन क्लाइन ह्यांनीं रेसर्पीनचे परिणाम प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षें कोंडलेलीं माणसें शुद्धीवर येऊं लागलीं. मनाच्या दुखण्यास गोळी असूं शकते, ही कल्पना तेव्हां प्रथम रूढ झाली.

गंमत अशी कीं हें रेसर्पीन थायरॉइडच्या रोग्यांसहि देत असत. ज्यांची ग्रंथि अति स्रवते त्यांचें काळीज धडधडतें, हात कांपतात, जीव अस्वस्थ होतो. तो क्षोभ कमी करण्यासाठीं त्याचा उपयोग होई. मनाचें औषध आणि गळ्याची ग्रंथि ह्यांची ही एक जुनी भेट. परंतु पुढें रेसर्पीननें कित्येकांच्या मनावर गाढ खिन्नता येते असें दिसून आलें आणि तें मागें पडलें. औषध जें देतें त्याबरोबर कांहीं घेतें, हा धडा तेव्हांच मिळाला होता.

सर्पगंधेच्या यशानें मोठ्या झालेल्या त्या सीबा कंपनीनें आपलें एक संशोधन केंद्र हिंदुस्थानांत उघडण्याचें ठरविलें, आणि जागा निवडली ती गोरेगांवास, आरे वसाहतीच्या रस्त्यावर. १९६३ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें, आणि तुत्तिकोरिन राघवाचारी गोविंदाचारी हे नामांकित रसायनज्ञ त्याचे प्रमुख झाले. येथें तयार झालेल्या नव्या द्रव्यांच्या सांकेतिक अंकापुढें 'गो' हीं गोरेगांवचीं आद्याक्षरें लावीत. आमच्या उपनगराचें नांव अशा रीतीनें जगांतील औषधशास्त्राच्या नियतकालिकांत गेलें. त्यांतील एक द्रव्य, नायट्रॉक्सॅझेपीन, खिन्नतेवरील औषध म्हणून सिंटामिल ह्या नांवानें १९८२ सालीं बाजारांत आलें. दिंडोशीच्या पायथ्यापासून जवळच मनाचें एक औषध जन्मास आलें, हें येथल्या किती रहिवाश्यांस ठाऊक असेल? आज तें केंद्र त्या नांवानें तेथें राहिलेलें नाहीं. कंपनीचेंहि नांव दोन वेळां विलीनीकरणांत बदलून गेलें.

त्याच १९६३ सालीं, त्याच मुंबईंत, परळ येथें अणुशक्तिखात्याचें रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झालें. किरणोत्सर्गी आयोडीन देऊन गळ्यांतील ग्रंथि किती काम करते हें पाहण्याची सोय त्यानें केली, आणि थायरॉइडच्या रोग्यांचें तें मोठें आश्रयस्थान झालें. एका शहरांत, एकाच वर्षीं, गोरेगांवास मनाचीं औषधें शोधणारें घर उभें राहिलें आणि परळास गळ्याची ग्रंथि मोजणारें. रोगी मात्र एका घराकडून दुसऱ्या घराकडे क्वचितच पाठविला जाई. मनाचा डॉक्टर निराळा, ग्रंथीचा डॉक्टर निराळा, आणि शरीर एकच. आमच्या मतें शेजारच्या मुलीच्या हकीगतीचें मूळ ह्या विभागणींत आहे.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. १९६८ सालीं डेन्मार्कचे मोगेन्स स्काउ व त्यांचे सहकारी ह्यांनीं लिथियम घेणाऱ्या कांहीं रोग्यांचे गळे सुजल्याचें प्रसिद्ध केलें. कारण पुढें उलगडलें. लिथियम थायरॉइडमध्यें सांठतें आणि तयार झालेला स्राव रक्तांत सुटूं देत नाहीं. रक्तांत स्राव कमी पडला कीं मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युइटरी ग्रंथि थायरॉइडला अधिक काम करण्याचा हुकूम सोडते. त्या हुकुमास टीएसएच म्हणतात. हुकूम येत राहतो, माल बाहेर पडत नाहीं, आणि ग्रंथि राबून राबून फुगते. सर्वांस असें होत नाहीं. परंतु स्त्रियांस, आणि ज्यांच्या रक्तांत थायरॉइडविरुद्ध प्रतिद्रव्यें आधींच असतात त्यांस, हा धोका अधिक असतो.

चित्तभ्रमावरील औषधांची रीत वेगळी. तीं मेंदूंतील डोपामीन ह्या द्रव्याची वाट अडवितात. त्यानेंच भ्रम शमतो. पण हेंच डोपामीन पिट्युइटरीच्या त्या हुकुमावर लगाम ठेवीत असतें. लगाम सैल झाला कीं टीएसएच थोडें वाढूं शकतें. क्लोरप्रोमॅझीनच्या कुळांतील औषधांस आयोडीनशीं संयोग पावण्याचाहि गुण आहे, आणि आयोडीन हा तर थायरॉइडचा कच्चा माल. अलीकडच्या औषधांपैकीं १९९७ पासून वापरांत असलेल्या क्वेटियापीनविषयीं असें आढळलें आहे कीं मोठ्या मात्रेंत तें रक्तांतील थायरॉक्सिन सुमारें २० टक्क्यांनीं उतरवितें. हा उतार पहिल्या सहा आठवड्यांत होतो, पुढें वाढत नाहीं, आणि औषध थांबल्यावर बहुतेकांत भरून येतो. ह्यांत एक मेख आहे. थायरॉक्सिन उतरलें तरी टीएसएच पुष्कळदां वाढत नाहीं. म्हणून केवळ टीएसएच मोजून निश्चिंत झाल्यास दोष नजरेंतून निसटूं शकतो. दोन्ही मोजावीं, असें ह्या औषधाच्या माहितीपत्रकांतच सांगितलेलें आहे.

येथें उलट बाजूहि सांगितली पाहिजे. रक्ताच्या आंकड्यांत थोडा फेर पडणें म्हणजे रोग नव्हे. ह्या औषधांनीं बहुतेकांच्या ग्रंथीस कांहींहि बाधा होत नाहीं. तीव्र चित्तभ्रमाच्या भरांतहि कधीं कधीं थायरॉक्सिन कांहीं दिवस वाढलेलें दिसतें व आपोआप खालीं येतें. म्हणून पहिल्याच दिवशींच्या तपासणीवरून निकाल देतां येत नाहीं. शिवाय औषध मुळींच न घेणाऱ्या कितीतरी स्त्रियांची ग्रंथि मंदावते. तेव्हां प्रत्येक दोष गोळीच्या माथीं मारणें हाहि अन्यायच होय.

आतां दुसरा प्रश्न. हें वेळेवर कां ओळखलें जात नाहीं? कारण सोंग एक आणि तें घेणारे तीन आहेत. चित्तभ्रमाचा भर ओसरल्यावर त्या रोगानेंच मनुष्य निरुत्साही व अबोल होतो. औषधानेंहि सुस्ती येते आणि वजन वाढतें. थायरॉइड मंदावल्यानेंहि नेमकें हेंच होतें. पाहणाऱ्यास तिन्हींचा चेहरा सारखा दिसतो. आणि रोगी एकदां वेडा म्हणून ठरला कीं त्याची प्रत्येक तक्रार वेडाच्याच खात्यावर मांडली जाते. इतिहासाची गति येथें विचित्र दिसते. १८८८ पूर्वीं गळ्याच्या दुखण्यास वैद्य वेड समजले. अॅशर ह्यांनीं ती चूक १९४९ त पुन्हां दाखवून दिली. आणि आज, औषधें मिळाल्यावर, औषधानें गळ्यास झालेली इजा आपण पुन्हां वेडच समजतों. चूक तीच आहे. वेड्याचें म्हणणें ऐकावयाचें नसतें, ही जी आपली जुनी समजूत आहे तिच्यांतून ती निघते. ती मुलगी आठ महिने सांगत होती, "मला थंडी वाजते." घरांत तें सर्वांनीं ऐकलें होतें.

कायदा आतां निराळ्या दिशेनें गेला आहे. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, आणि तोहि जाऊन २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा २०१८ पासून अमलांत आला. सुचविलेले उपचार कोणते आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम कोणते, हें जाणून घेण्याचा हक्क त्यानें रोग्यास दिला आहे. एका शतकांत ताब्यांत घेण्यापासून सांगण्यापर्यंत आपण आलों, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हक्क मागणारा पाहिजे. लिथियम सुरू करण्यापूर्वीं एकदां व पुढें साधारण दर सहा महिन्यांनीं थायरॉइडची तपासणी करावी, चित्तभ्रमावरील औषधें चालू असतां थंडी, सूज, मंदपणा, आवाजाचा घोगरेपणा दिसल्यास ती पुन्हां करावी, ही गोष्ट कोणाहि गृहस्थास डॉक्टरांजवळ काढतां येईल. त्यास फार विद्या लागत नाहीं; थोडा धीर लागतो.

आणि त्याहून मोठा धीर औषध बंद न करण्यास लागतो. शेजारच्या गृहस्थांनीं त्या दिवशीं पाकिटें केरांत टाकलीं असतीं तर काय झालें असतें? लिथियम एकाएकीं थांबविल्यास उन्माद पुन्हां उसळण्याचें भय असतें. चित्तभ्रमावरील औषधाचेंहि तसेंच. थायरॉइडची उणीव मात्र सहज भरून काढतां येते. केंडल ह्यांनीं १९१४ त वेगळें काढलेलें आणि हॅरिंग्टन व बार्जर ह्यांनीं १९२७ त प्रयोगशाळेंत तयार केलेलें थायरॉक्सिन आज साध्या गोळीच्या रूपानें कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांत मिळतें. म्हणजे एकीकडे भरून निघणारी उणीव आणि दुसरीकडे मोडून पडणारा संसार, असा तो हिशेब होता, आणि वडिलांनीं तो न कळतां उलटा मांडला होता. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांस तो कोणीं समजावूनच सांगितला नव्हता.

डॉक्टरांनीं पहिलीं दोन्ही औषधें तशींच ठेविलीं आणि सकाळीं उपाशींपोटीं घ्यावयाची एक लहानशी पांढरी गोळी त्यांत वाढविली. सुधारणा हळूहळू झाली. पहिल्या महिन्यांत तर कांहींच फरक नाहीं म्हणून घरांत पुन्हां कुरबूर सुरू झाली होती. तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत शाल कपाटांत गेली. परवां ती संध्याकाळीं शाळेंतून येतांना टेकडीच्या चढावर आम्हांस भेटली. वह्यांचा गठ्ठा तिच्या हातांत होता आणि चढ ती आमच्याहून लवकर चढली. वर पोंचल्यावर आम्हीं तिला आरेच्या रस्त्याची दिशा दाखविली व तेथें एके काळीं काय होतें तें सांगितलें. तिनें क्षणभर तिकडे पाहिलें आणि विचारलें, "सर, हें मुलांना सांगूं कां शाळेंत?" आम्ही म्हटलें, अवश्य सांग.